शेकाचं पथ्य

दवाखान्याच्या कागदावर त्याचं नाव रेडिएशन होतं, पण बाहेरच्या बाकांवर बसणाऱ्या आम्हा बायकांपैकी कुणी ते नाव घेत नसे. सगळ्या त्याला शेकच म्हणत. "तुमचा शेक सकाळचा का दुपारचा?" "माझे आता थोडेच शेक राहिले." दारातली मावशीसुद्धा हाक मारायची, "शेकवाल्या बायांनी पाणी पिऊन घ्या, लघवीला जायचं न्हाई." नांदेडच्या त्या दवाखान्यात सगळंच परकं होतं. हा एक शब्द तेवढा ओळखीचा निघाला, आणि मी तो घट्ट धरून ठेवला.

मी कंधारची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, आता निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. नवरा, देविदास, गेल्यापासून घरात एकटीच असते. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर गेल्या उन्हाळ्यात अंगावरून पुन्हा लाल दिसायला लागलं. मला वाटलं उष्णता असेल. सब्जा भिजवून पीत राहिले. दिवाळीनंतर कंबर उचलेना तेव्हा नांदेडला आले आणि कळलं की गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे.

डॉक्टर चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसून सांगितलं, "आजार फार पसरलेला नाही. पाच आठवडे बाहेरून शेक, आठवड्याला एकदा औषधाचं सलाईन, शेवटी आतून शेक. यातून बरं व्हायची चांगली आशा आहे. फक्त मध्ये खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला की आजाराला उसंत मिळते."

माझी मुलगी गीतांजली तेव्हा शेजारी बसली होती. हैदराबादला नोकरीला असते. एकुलती एक. ती म्हणाली, "हे सगळं हैदराबादला करू आणि नंतरही तू तिकडंच राहा."

तिच्या घरी मी राहून आले आहे. नवव्या मजल्यावर घर. जावई शब्दाने दुखवत नाहीत, नात आजी आजी करते. पण सकाळी सगळे बाहेर पडले की दार आपोआप लागतं आणि मी संध्याकाळपर्यंत खिडकीतून खालच्या गाड्या बघत बसते. कंधारला मी एकटी असते खरी, पण तिथे मी मीच असते. भाजीवाली हाक मारते, जुने विद्यार्थी रस्त्यात थांबून पाया पडतात. मी म्हटलं, "इथं नांदेडला खोली घे. शेक पुरे करीन आणि माझ्या घरी जाईन."

"आणि झेपलं नाही तर?"

"तर तू म्हणशील तसं."

"नक्की? मग तेव्हा नाटकं करायची नाहीत, आई."

असा आमचा सौदा ठरला. तिने रजा संपेपर्यंत राहून खोली बघितली, गॅस, दोन पातेली, चादरी आणून दिल्या आणि ती गेली.

खोली अमीरबींच्या घराच्या वर होती. अमीरबी माझ्याच वयाच्या, विधवा, अंगाने भरलेल्या, गुडघ्यांमुळे जिन्याच्या प्रत्येक पायरीला या अल्ला म्हणणाऱ्या. पहिल्याच दिवशी वर आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसून म्हणाल्या, "बाई, दवाखाने में क्या करते तुमकू?"

"शेक देतात."

"सेक? गुडघ्याला?"

"पोटाला. ओटीपोटाला."

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "पोटकू सेक? इस उमर में? लडका हुआ के लडकी?"

मी किती दिवसांनी हसले कोण जाणे. त्याही हसल्या, मग पदराने डोळे पुसून गंभीर झाल्या. "हसने की बात नक्को. सेक म्हटल्यावर पथ्य पाहिजे. सेक में पेट कच्चा रहता. मैं देखती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर अछवानी पाठवली. ओवा, गूळ, डिंक आणि सुका मेवा तुपात शिजवून बाळंतिणीला देतात ती. तोंडात घातली आणि मी एकदम चाकूरजवळच्या माझ्या माहेरात जाऊन बसले.

गीतांजलीच्या वेळची गोष्ट. थंडीचे दिवस होते. आईने माजघरात सुंभाची बाज टाकली होती आणि शेजारची गुरम्मा मला शेक द्यायला यायची. गुरम्माचे अर्धे शब्द कानडी. ती बाजेखाली निखाऱ्यांची पाटी सरकवायची, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकायची, आणि मला वरून घोंगडी पांघरायची. धूर कोंडायचा, घामाच्या धारा लागायच्या. मी कुरकुरले की म्हणायची, "सोस गं. आता हाडं शेकून घे, म्हातारपणी मला आठवशील." आणि भोवती सगळ्या बायका. आई, काकू, मावशी, दोन चुलत बहिणी, गल्लीतल्या कुणीकुणी. एक लेकरू घेऊन बसलेली, एक लसूण सोलणारी, बाकीच्या नुसत्या बोलायला आलेल्या. शेकातल्या बाईला क्षणभर एकटं सोडायचं नाही असा नियम होता, कारण तिला बाहेरची बाधा होते. मी तर घुसमटून म्हणायचे, जरा बाहेर जा गं सगळ्याजणी.

या दवाखान्यातल्या शेकात उलटं होतं. मशीन चालवणारा पोरगा वीरेश मला अरुंद फळीवर निजवायचा, पोटावरच्या शाईच्या रेघा हिरव्या उजेडाशी जुळवायचा आणि म्हणायचा, "बाई, हलू नका, आम्ही बाहेर जातो." मग तो आणि नर्स दोघं निघून जायचे. भिंतीएवढं जाड दार सरकत येऊन बंद व्हायचं. मशीन माझ्याभोवती गुरगुरत फिरायचं. ऊब नाही, धूर नाही, काहीच कळत नाही. मी छताकडे बघत पडायचे आणि त्या बायकांची नावं मनात घ्यायचे. काकू गेल्या, मावशी गेली, आई तर कधीच गेली. चुलत बहिणींपैकी एक उदगीरला असते, तिला ऐकू येत नाही.

पथ्य मात्र मी पाळलं. ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. शेक सुरू आहे म्हणजे थंड बंद, आंबट बंद. दही नाही, ताक नाही, केळी नाही, भातसुद्धा नाही, भाताने पोट सुटतं. बाजरीची भाकरी, वर तुपाची धार, लसणाची चटणी. मेथीचे लाडू मी स्वतः वळले. डिंकाचे अमीरबींनी दिले. पाणी ओवा घालून उकळलेलं. आहाराचा एक छापील कागद पहिल्या दिवशी फाईलमध्ये घालून दिला होता, पण त्यावर भात आणि दह्याचं चित्र बघून मी म्हटलं, हा नुसत्या सलाईनवाल्यांचा असेल, शेकवाल्यांचा नसणार. आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या दोन आठवड्यांत एका सत्तरी उलटलेल्या बाईचं बाळंतपण करत होतो, आणि मनापासून करत होतो.

तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडलं. आधी पहाटे, मग जेवल्यावर, मग पाणी प्यायलं तरी. पोटात पीळ पडायचा आणि धावावं लागायचं. मी घाबरले नाही. गुरम्माचं बोलणं माझ्या डोक्यात पक्कं होतं: "शेकानं आतली घाण सुटती. जातंय ते जाऊ दे, अडवायचं न्हाई." मी समजले की आजार वितळून चालला आहे. त्यात मला एक प्रकारचं समाधानच होतं. आणि दुसरं कारण असं की, दवाखान्यात सांगितलं तर ते शेक थांबवतील. गीतांजलीला कळलं तर ती गाडीत घालून घेऊन जाईल. तिचा रोज रात्री फोन यायचा.

"जेवलीस?"

"जेवले."

"पोट वगैरे?"

"छान आहे."

"बरं. ठेवू? उद्या लवकर कॉल आहे माझा."

नेमक्या त्याच दिवसांत अमीरबी अर्धापूरला गेल्या. त्यांच्या नातीचं खरंखुरं बाळंतपण निघालं. जाताना जिन्यातूनच ओरडल्या, "बाई, केळी भेजूं क्या वहां से? अर्धापूर का केला."

"शेकात केळी?"

"तोबा, मैं भूल गई. नक्को, नक्को."

त्या गेल्या आणि खालचं दार दिवसभर बंद राहू लागलं. त्यांचा मुलगा आणि सून सकाळी दुकानाला जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मी शेक घेऊन ऑटोने यायचे, जिना चढताना मध्ये बसायचे, मग वर जाऊन पडायचे. भाकरी थापायला उभं राहवेना तेव्हा नुसते लाडू खायचे. मेथीचा लाडू खाल्ला की पोट आणखी सुटायचं आणि मी म्हणायचे, बघा, काम करतोय. संडासात भिंतीला हात टेकून बसलेली असताना एकदा बाहेर फोन वाजून वाजून बंद झाला. माझ्या मनात आलं की इथे पडले तर उद्याच्या शेकाला मी आले नाही एवढंच कुणाच्या लक्षात येईल. ते वीरेशच्या.

आणि वीरेशच्याच लक्षात आलं. त्याने मला फळीवर निजवलं, उजेड लावला आणि नेहमीसारखा बाहेर गेला नाही. वाकून रेघा बघत राहिला. मग नर्सला म्हणाला, "रेघा जुळत नाहीत. बाई, तुम्ही वाळलात का?"

"वयच आहे ते वाळायचं."

"एवढ्या दिवसांत? जुलाब होतायत का?"

मी छताकडे बघू लागले. शाळेत चोरी सापडलेली पोरं अशीच भलतीकडे बघायची.

"बाई, विचारतोय मी."

"जरा पोट साफ होतंय," मी म्हटलं. "आजार जातोय बाहेर."

त्याने मला उठवून बसवलं. डॉक्टर आल्या, जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्या म्हणाल्या, "आज शेक नाही. अंगातलं पाणी पार आटलंय. भरती व्हा, सलाईन लावू. पोट थांबेपर्यंत शेक बंद."

ज्याला मी भीत होते ते झालंच. मी म्हटलं, "खंड पडायला नको म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणाले होते. म्हणूनच आधी सांगायचं होतं." मग नरम होऊन विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कुणी नाही."

त्यांनी भरतीचा कागद लिहायला घेतला.

वॉर्डात सलाईन लावून पडले होते तेव्हा आहार सांगणारी मुलगी आली. ज्ञानेश्वरी तिचं नाव. हसरी, बोलकी, लातूरकडची असावी, बोलण्यावरून मी ओळखलं. स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, "सकाळपासून काय काय खाता ते सांगा बरं, आज्जी."

मी सांगितलं. बाजरी, लसूण, तूप, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, ओव्याचं पाणी, अछवानी. सांगता सांगता तिचा पेन थांबला.

"आणि दही? ताक?"

"शेकात दही?" मी म्हटलं. "कुणी खाईल का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठाचे कोपरे हलले. "आज्जी, बाळंतिणीचं पथ्य करताय की काय तुम्ही?"

"शेक तो शेक."

"अहो, हा त्यो शेक न्हाई," ती हसू आवरत आपल्या गावच्या बोलीवर आली. "ह्यात निखारे न्हाईत. हे किरण असतात. आजारावर पडतात तसे शेजारच्या आतड्यावर बी पडतात, तिथली आतली कातडी सोलून निघती. जुलाब त्याचे. अन् वरून तुम्ही लसूण, मेथी अन् तूप टाकताय सोललेल्या जागेवर. आजार बिजार जात न्हाई त्यातून, तुम्हीच चाललाय."

कितीतरी वर्षं पोरांना मी सांगत आले की शब्दाचा अर्थ वाक्यावरून काढा, एकटा शब्द फसवतो. आता माझंच मला हसू आलं आणि हसताना पोटात कळ आली.

तिने मग नीट समजावलं. मऊ भात, दही, पातळ ताक, पिकलेलं केळं, शिजवून सालं काढलेला बटाटा, मीठ-साखरेचं पाणी. दूध नको, मेथी नको, तळण नको, बाजरी शेक संपेपर्यंत नको. दही घरचं, ताजं, स्वच्छ भांड्यात लावलेलं. शिवाय एक पुडी दिली, पाण्यात घालून घ्यायची.

"ह्यात काय आहे?"

"चांगले जंतू."

"अगं, मला आजारच जंतूने झाला असं डॉक्टर म्हणाल्या."

"तो विषाणू, आज्जी. तो पिशवीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं बसून राहतो तेव्हा हा आजार होतो. हे जंतू आतड्यात राहणारे, आपल्या घरचेच. किरणांनी अन् औषधाने तेही कमी होतात. दह्यात तेच थोडेफार असतात, पुडीत मोजून असतात."

"मग ह्याने कॅन्सर जाईल?"

"न्हाई," ती लगेच म्हणाली. "तसं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पोट सावरायला काही जणींना उपयोग होतो, काहींना न्हाई होत. तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बऱ्या आल्या म्हणून डॉक्टरांनी लिहिली, सगळ्यांना देत न्हाईत. कॅन्सर शेकानंच जायचा. हे फक्त शेक चालू राहावा म्हणून." उठता उठता तिने विचारलं, "लेक आहे ना तुम्हाला? तिला पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यायला सांगा. नात असंल तर तिला लस."

जुलाब एकदम थांबले नाहीत. दोन-तीन दिवस मी त्या खाटेवर पडून होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून तिला भरवायची आणि मधूनच माझ्याकडे बघून म्हणायची, "आजी, काही लागलं तर सांगा हं." मला काही लागत नव्हतं. पोट सावरलं, तपासण्या झाल्या, वीरेशने पोटावर नव्या रेघा ओढल्या आणि शेक पुन्हा सुरू झाला.

खोलीवर परतले त्या संध्याकाळी मी दूध तापवलं, कोमट केलं आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून विकत आणलेल्या दह्याचा चमचाभर त्यात कालवला. वाटी टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवली. कंधारला देविदास गेल्यावर मी दही लावणं सोडून दिलं होतं. एकट्या माणसाला लागतं किती, आणि दुसऱ्या दिवशी आंबट होऊन जातं. माझी मोठी दुधाणी, कवडीदार दही लागणारं मडकं, सगळं माळ्यावर आहे. सकाळी उठून पाहिलं तर वाटीभर दही नीट लागलं होतं. मऊ भातात कालवून मी ते खिडकीशी बसून खाल्लं. खाली सायकलवर एक माणूस जुन्या गाद्या पिंजायच्या का म्हणून ओरडत गेला.

अमीरबींचा अर्धापूरहून फोन आला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मैं तुमकू मार डालती थी, बाई."

"दोघींनी मिळून," मी म्हटलं. "नात कशी आहे?"

"अच्छी है. उसकू अछवानी चल रही. उसका सेक सच्चा है." आणि मग हळूच, "चालीस दिन का चिल्ला होने तक नहीं आती मैं. तुम अकेले हैं ना वहां."

"असू द्या. तिला जास्त गरज आहे तुमची."

बाहेरचे शेक संपत आले तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. मध्ये खंड पडल्यामुळे किती फरक पडला ते आत्ता सांगता येणार नाही म्हणाल्या, पण गाठ आकसली आहे. "आता आतून शेक. त्याला भूल द्यावी लागते. त्या दिवशी मात्र सोबत घरचं माणूस हवंच. एकट्या बाईला मी घेत नाही."

खोलीवर येऊन मी गीतांजलीला फोन लावला. रात्रीची वाट बघितली नाही. ती कामात होती, तरी उचलला. मी आधी जुलाबांचं सांगितलं. भरती झाले होते तेही सांगितलं.

"कधी?" तिचा आवाज चढला. "आणि मी रोज विचारत होते तेव्हा?"

"तेव्हा छान आहे म्हणत होते."

"का पण, आई?"

"कळलं असतं तर तू येऊन मला घेऊन गेली असतीस."

 तिच्या मागे कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं, तो आवाजही दूर गेला. ती बहुतेक उठून बाहेर आली होती.

"म्हणजे जुलाबाने मेलीस तरी चालेल," ती म्हणाली, "पण माझ्याकडे यायचं नाही."

 खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्या घरात मला काही कमी नाही, गीता. तिथे मी कुणाला लागत नाही, एवढंच."

"आणि कंधारला लागतेस?"

"कंधारला मला ते विचारावं लागत नाही."

  मग मी आतल्या शेकाचं सांगितलं, घरचं माणूस लागेल हे सांगितलं. मागितलं, असं म्हणावं लागेल. मुलीकडे मी कधी काही मागितलं नव्हतं, तिने आपणहून दिलेलंच घेतलं होतं.

"सोमवारी आहे," मी म्हटलं. "तुझं काम असेल तर डॉक्टरांना विचारते, पुढे ढकलतात का."

"खंड पाडायचा नाही म्हणाल्यात ना त्या?"

"हो."

"मग कशाला ढकलायचा." तिने नाक ओढलं. "रविवारी येते. आणि घाबरू नको, उचलून नेणार नाही तुला. कंधारला सोडायला पण मीच येईन."

"आणि तू तुझी तपासणी करून घे. पिशवीच्या तोंडाची. छोटीला लस दे, ती—"

"आई, ते मी बघेन."

"बघेन नको. कर."

"करते," ती म्हणाली. "करते म्हटलं ना."

फोन ठेवला तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. तिच्या आवाजात राग होता का दुखावणं, ते मला ठरवता आलं नाही, आणि रविवारपर्यंत ते ठरणारही नव्हतं. मी खाली जाऊन दोघींच्या दह्यासाठी जास्तीचं दूध सांगून आले.